खटला डिसमिस झाला, मग अटकेची नोंद अजून का दिसते?

वाचकाचे पत्र:

‘शिक्षणासाठी अमेरिकेत आलो आणि आता एच-१बीवर नोकरी करतो. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानात स्वतः बिल करायच्या मशीनवर सामान स्कॅन करताना एक वस्तू राहून गेली. दारातच सुरक्षारक्षकाने अडवले, दुकानाच्या आतल्या खोलीत बसवले, पोलीस आले, बेड्या घालून ठाण्यावर नेले, बोटांचे ठसे आणि फोटो घेतले आणि संध्याकाळी सोडले. पुढे सरकारी वकिलाने आरोप मागे घेतला आणि न्यायाधीशांनी खटला डिसमिस केला. माझा वकील म्हणाला, आता हे विसरून जा. मी विसरलोही. मागच्या आठवड्यात नव्या नोकरीची ऑफर आली, पण बॅकग्राउंड चेकमध्ये “चोरी, अटक, निकाल उपलब्ध नाही” अशी ओळ निघाली आणि कंपनीच्या एचआरने खुलासा मागितला आहे. इंटरनेटवर एका साइटवर माझा ठाण्यातला फोटोही सापडतो. ग्रीन कार्डचा अर्ज तोंडावर आला आहे. मित्र सांगतात, केस डिसमिस झाली म्हणजे अटक झालीच नाही, सगळीकडे “नाही” लिही. पत्नी म्हणते, तसे अजिबात लिहू नकोस. ज्या प्रकरणात मला दोषी ठरवलेच नाही, त्याचा कागद असा मागे का लागतो? आणि तो पुसायचा कसा?’

उत्तर:

पत्नीचे ऐका, हे आधी सांगते. निदान इमिग्रेशनच्या कोणत्याही अर्जात मित्रांचा सल्ला चालणार नाही, आणि त्याची कारणे पुढे येतीलच. दुसरे असे की, मी तुमची वकील नाही. तुम्ही राज्याचे नाव कळवलेले नाही आणि या विषयात राज्य बदलले की उत्तर बदलते. त्यामुळे इथे जे लिहीत आहे ते घेऊन वकिलाकडे जा, वकिलाऐवजी वापरू नका.

‘कागद मागे का लागतो’ या तुमच्या प्रश्नात जो त्रागा आहे तो रास्त आहे, पण त्याचे उत्तर अन्यायापेक्षा दप्तराच्या रचनेत अधिक सापडते. न्यायाधीशांनी जो आदेश दिला तो खटल्यापुरता होता. अटक ही त्याआधी घडलेली वेगळी घटना, आणि तिची नोंद न्यायालयाने नव्हे तर पोलिसांनी केली. ठाण्यावर तुमचे ठसे घेतले गेले तेव्हा ते संगणकावरून राज्याच्या गुन्हे-नोंद कार्यालयाकडे आणि तिथून पुढे एफबीआयकडे गेले, आणि तुमच्या नावाने एक ओळ तयार झाली: तारीख, पोलीस खाते, आरोप, आणि त्यापुढे निकालाचा रकाना. हा रकाना भरण्याचे काम पोलिसांचे नसते. तो सरकारी वकिलाच्या किंवा न्यायालयाच्या कचेरीतून आलेल्या माहितीने भरायचा असतो, तीही योग्य क्रमांकासह यावी लागते, नाहीतर ती मूळ ओळीला जोडलीच जात नाही. अटकेची खबर ठशांबरोबर आपोआप जाते आणि निकालाची खबर कोणीतरी आठवणीने पाठवावी लागते, ही सगळ्या दुखण्याची मुळी. अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनी २००६ साली गुन्हेविषयक पार्श्वभूमी-तपासणीवर जो अहवाल दिला, त्यात एफबीआयच्या सुमारे निम्म्या नोंदींत अंतिम निकालाची माहितीच नाही असे मान्य केले होते. तुमच्या अहवालातले ‘निकाल उपलब्ध नाही’ हे शब्द याच जातीचे आहेत. रकाना रिकामा असला की वाचणारा तो आपल्या मनाने भरतो, आणि ‘चोरी’ हा शब्द आधीच समोर असताना तो कशाने भरला जाईल हे वेगळे सांगायला नको.

यावर घटनात्मक दाद मागता येईल का, असे अनेक जण विचारतात. दुर्दैवाने तो रस्ता जवळपास बंद आहे, आणि गंमत म्हणजे तो बंद करणारा निकाल तुमच्यासारख्याच प्रकरणात लागला. १९७२ साली केंटकी राज्यातल्या लुईव्हिल भागात पोलीसप्रमुखांनी सुमारे आठशे दुकानदारांना ‘सक्रिय दुकानचोर’ अशा मथळ्याखाली नावे आणि फोटो असलेले पत्रक वाटले. त्यात एका वृत्तछायाचित्रकाराचाही फोटो होता. त्याला त्याच्या आदल्या वर्षी दुकानातल्या चोरीच्या आरोपावरून अटक झाली होती, पण तो दोषी ठरलेला नव्हता, आणि पत्रक फिरल्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्यावरचा आरोप रद्दही झाला. तो न्यायालयात गेला. १९७६ साली ‘पॉल विरुद्ध डेव्हिस’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की, सरकारी कृतीने केवळ नावलौकिकाला धक्का बसला म्हणून राज्यघटनेने दिलेल्या हक्काचा भंग होत नाही. तेव्हापासून अशा माणसाला संरक्षण मिळते ते राज्यांच्या आणि संघराज्याच्या साध्या कायद्यांतून, आणि त्यासाठी मोठा लढा न देता फॉर्म भरावे लागतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तुम्हाला ती पुन्हा चढावी लागणार आहे, फक्त या वेळी अर्जदार म्हणून.

आता सर्वांत तातडीचे, म्हणजे एचआर. ज्या कंपनीने तुमची पार्श्वभूमी तपासली ती १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टखाली येते, आणि त्या कायद्याने तुम्हाला काही ठोस हक्क दिलेले आहेत. त्या अहवालाच्या आधारे ऑफर मागे घ्यायची असेल तर मालकाने निर्णय घेण्याआधी तुम्हाला अहवालाची प्रत आणि हक्कांचे लेखी टिपण द्यावे लागते आणि उत्तराला वाजवी वेळ द्यावा लागतो. प्रत मिळाली नसेल तर ती आजच ईमेलने मागा. मग तपासणी करणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करा की नोंद अपुरी आहे, खटला अमुक तारखेला डिसमिस झाला आहे, आणि सोबत न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडा. अशा तक्रारीची फेरतपासणी साधारणपणे तीस दिवसांत करणे त्या कंपनीवर बंधनकारक आहे आणि त्यासाठी तुम्हाला पैसे पडत नाहीत. तीस दिवस नवी कंपनी थांबणार नाही अशी भीती तुम्हाला वाटत असेल, म्हणून तीच प्रत त्याच दिवशी एचआरलाही पाठवा.

त्या पत्रात काय लिहायचे? तीन-चार वाक्ये पुरेत: अमुक तारखेला माझ्यावर एक आरोप होता, तो सरकारी पक्षाने मागे घेतला, न्यायालयाने खटला अमुक तारखेला डिसमिस केला, मला कोणत्याही गुन्ह्यासाठी दोषी ठरवलेले नाही, आदेश सोबत जोडला आहे, आणि अहवाल दुरुस्त करण्याची मागणी मी तपासणी-कंपनीकडे केली आहे. बस्स. मशीनवर काय झाले, तुम्ही किती थकलेले होतात, दुकानदार कसा उर्मट होता, यातले काही नको. आपल्याकडे एक लांबलचक माफीनामा लिहून प्रकरण मिटवण्याची जी सवय आहे ती इथे अंगाशी येते, आणि नोकरीपेक्षाही इमिग्रेशनमध्ये जास्त येते.

याच कायद्यात सात वर्षांची एक मर्यादाही आहे: शिक्षेपर्यंत न गेलेली अटक सात वर्षांनंतर अशा अहवालात दाखवता येत नाही. पण तुमच्या बाबतीत तिचा आज उपयोग नाही. एक तर चारच वर्षे झाली आहेत, आणि दुसरे म्हणजे वर्षाला ७५,००० डॉलर किंवा त्याहून जास्त पगाराच्या नोकरीला ही मर्यादा लागूच होत नाही, आणि एच-१बीवरच्या पुष्कळ नोकऱ्या या आकड्याच्या वर असतात. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा की, ही सात वर्षे मोजायची ती आरोप दाखल झाल्यापासून, खटला डिसमिस झाला त्या दिवसापासून नव्हे. पश्चिमेकडच्या राज्यांसाठी असलेल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१९ साली हे स्पष्ट केले आहे. काही राज्ये याहून बरीच पुढे गेलेली आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये शिक्षेपर्यंत न गेलेली आणि आता प्रलंबितही नसलेली अटक खासगी तपासणी-कंपनीने अहवालात घालायचीच नाही असा नियम आहे, आणि मालकानेही तिच्याबद्दल सहसा विचारायचे नाही. तुम्ही त्यांपैकी एखाद्या राज्यात असाल तर तुमची तक्रार ‘अपुरी नोंद’ एवढ्यावर थांबत नाही, ‘मुळात बेकायदा नोंद’ अशी होते.

आता जिथे मला तुमच्याबद्दल खरी काळजी वाटते तिथे येते. सरकारी वकिलाने आरोप मागे घेतला आणि खटला डिसमिस झाला एवढे तुम्ही लिहिले आहे, पण आरोप का आणि कोणत्या अटीवर मागे घेतला हे लिहिलेले नाही. हा बारीकसा वाटणारा फरक ग्रीन कार्डाच्या अर्जात सगळ्यात मोठा ठरतो. सरकारी वकिलाने पुरावा नाही म्हणून आरोप सरळ मागे घेतला असेल तर एक गोष्ट. पण अनेक ठिकाणी पहिल्यांदाच पकडल्या गेलेल्या माणसाला असा सौदा देऊ केला जातो की, न्यायालयात गुन्हा कबूल कर, काही तास समाजसेवा कर किंवा एक वर्ग पूर्ण कर, आणि मुदत नीट पार पडली की आम्ही खटला डिसमिस करू. राज्याच्या दृष्टीने शेवटी तो डिसमिसच असतो, शिक्षा नसते. इमिग्रेशनच्या कायद्यात मात्र ‘दोषसिद्धी’ची स्वतंत्र व्याख्या आहे: माणसाने गुन्हा कबूल केला किंवा दोषी ठरवायला पुरेशा गोष्टी मान्य केल्या, आणि न्यायाधीशांनी त्याच्यावर कोणत्याही प्रकारची शिक्षा, दंड किंवा बंधन घातले, की ती दोषसिद्धी, मग राज्याने पुढे खटला पुसून टाकला तरीही. चोरी हा इमिग्रेशनमध्ये नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांत गणला जाणारा नेहमीचा गुन्हा आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देऊ नका. न्यायालयाच्या कचेरीतून संपूर्ण फाइल मागवा, फक्त शेवटचा आदेश नको, आणि त्यात तुमच्या नावाने कबुली नोंदलेली आहे का हे इमिग्रेशन वकिलाकडून वाचून घ्या.

आणखी एक कागद आठवून पाहा. दुकानाच्या आतल्या खोलीत बसवले होते तेव्हा तुमच्याकडून कशावर सही घेतली होती का? अशा वेळी दुकाने बहुधा एक छापील निवेदन पुढे करतात, पुन्हा या दुकानात पाऊल ठेवणार नाही अशी नोटीस देतात, आणि काही आठवड्यांनी त्यांच्या वकिलाच्या नावाने नुकसानभरपाईची मागणी करणारे पत्र घरी येते. ते पैसे भरले असतील तरी ती दोषसिद्धी नव्हे. पण ‘मी वस्तू पैसे न देण्याच्या हेतूने घेतली’ अशा वाक्याखाली तुमची सही असेल तर ते वकिलाला आधीच माहीत असलेले बरे. इमिग्रेशनमध्ये शिक्षा नसतानाही गुन्ह्याच्या सर्व घटकांची स्पष्ट कबुली अडचणीची ठरू शकते, आणि म्हणूनच वर माफीनाम्याबद्दल इतके कडक लिहिले. हेतू नव्हता, वस्तू स्कॅन करायची राहून गेली, हे तुमचे म्हणणे असेल तर तेच म्हणणे सगळीकडे राहिले पाहिजे. कोणाची तरी सहानुभूती मिळावी म्हणून ते एका अर्जात मऊ करून लिहू नका.

ग्रीन कार्डासाठीचा आय-४८५ असो की पुढे नागरिकत्वासाठीचा एन-४००, दोन्हींत प्रश्न ‘दोषी ठरला आहात का’ एवढाच नसतो. ‘कधी अटक झाली आहे का’ असाही असतो. त्याला ‘हो’ हेच उत्तर आहे. नोंद सील झाली (म्हणजे इतरांना पाहता येणार नाही अशी बंद केली), पुसली गेली, एखाद्या न्यायाधीशाने किंवा वकिलाने ‘आता तुमच्यावर काही नोंद नाही’ असे सांगितले, तरीही उत्तर ‘हो’ असेच द्यायचे आहे, आणि या अर्जांत ते तसे बजावलेलेही असते. तुमच्या वकिलाने ‘विसरून जा’ म्हटले ते फौजदारी प्रकरणापुरते ठीक होते, इमिग्रेशनसाठी मात्र त्या सल्ल्याचा काही आधार नाही. तुमचे ठसे पुन्हा घेतले जातील, ते एफबीआयच्या साठ्याशी ताडले जातील आणि जुनी ओळ समोर येईल. तेव्हा अधिकाऱ्याच्या टेबलावर दोन गोष्टी असू शकतात: एक, डिसमिस झालेली किरकोळ अटक आणि तिचा शिक्क्याचा कागद, दुसरी, तीच अटक आणि तुमचे ‘नाही’. पहिल्याचे स्पष्टीकरण देता येते. दुसरी खोटी माहिती ठरते, आणि खोटी माहिती हा ग्रीन कार्ड नाकारण्याचा स्वतंत्र आधार आहे, जो मूळ आरोपापेक्षा कितीतरी भारी पडतो.

नोकरीच्या अर्जांत मात्र प्रश्न शब्दशः वाचा. ‘गुन्ह्यासाठी दोषी ठरलात का’ असे विचारले असेल आणि फाइलमध्ये कबुली नसेल, तर ‘नाही’ हे खरे उत्तर आहे. तिथे अटकेची हकिगत स्वतःहून उकरून काढू नका. राज्याने नोंद कायदेशीरपणे पुसली असेल तर अनेक राज्यांत खासगी मालकाला ‘अटक झाली नाही’ असे सांगण्याची मुभाही मिळते. अवघड वाटेल, पण एकच माणूस एका फॉर्मवर ‘नाही’ आणि दुसऱ्यावर ‘हो’ लिहितो आणि दोन्ही उत्तरे खरी असतात.

आता पुसण्याकडे वळू. इथे एक क्रम पाळला नाही तर माणूस स्वतःच्याच हाताने स्वतःची अडचण करून घेतो: आधी सर्टिफाइड प्रती, मग सील. न्यायालयाच्या खिडकीवर जाऊन खटला क्रमांक द्या आणि अंतिम आदेशाच्या पाच-सहा प्रमाणित प्रती घ्या, ज्यांवर कारकुनाची सही आणि बोटाला जाणवेल असा उठावाचा शिक्का असेल. आरोपपत्र आणि पोलीस अहवालाचीही प्रत घ्या. एकदा का नोंद पुसली गेली, की हीच खिडकी तुम्हाला ‘या क्रमांकाचा खटला आमच्याकडे नाही’ असे सांगेल, आणि इमिग्रेशन अधिकारी मात्र नेमका तोच कागद मागत असेल. पुसून झाल्यावर कागदासाठी वणवण करणाऱ्यांची अडचण शब्दशः अशी असते की, ज्या गोष्टीचा पुरावा हवा ती गोष्ट अस्तित्वातच नाही असा न्यायालयाचाच आदेश असतो.

पुसण्याचे नियम राज्यागणिक किती वेगळे आहेत ते पाहा. न्यूयॉर्कमध्ये खटला आरोपीच्या बाजूने संपला की नोंद कायद्यानेच सील होते, आणि ठसे व फोटो नष्ट करायचे किंवा परत द्यायचे असतात. तिथे तुमचे काम हे झाले आहे की नाही एवढे तपासण्याचे. कॅलिफोर्नियात २०१८ पासून अशी अटक सील करण्यासाठी अर्ज करता येतो, आणि नंतर आलेल्या कायद्याने १ जानेवारी १९७३ पासूनच्या कित्येक अटकांना आपोआप दिलासा देण्याची व्यवस्था केली. पेन्सिल्व्हेनियाने २०१८ साली ‘क्लीन स्लेट’ कायदा करून संगणकाकडून आपोआप सील करण्याची पद्धत देशात पहिल्यांदा आणली. टेक्सासमध्ये मात्र डिसमिस झाल्याने आपोआप काहीच होत नाही: तुम्हाला स्वतः न्यायालयात अर्ज करून ‘एक्सपंक्शन’, म्हणजे नोंद पुसण्याचा आदेश, मागावा लागतो, आणि खटला कोणत्या कारणाने संपला यावरून कधी लगेच तर कधी त्या गुन्ह्याची फिर्यादीची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. अर्जात ज्या ज्या कचेऱ्यांकडे नोंद असू शकते त्या सगळ्यांची नावे घालावी लागतात: पोलीस खाते, तुरुंग, सरकारी वकील, न्यायालयाची कचेरी, राज्याचे सुरक्षा खाते. जी कचेरी यादीतून राहिली तिच्याकडची नोंद तशीच राहण्याचा धोका असतो, त्यामुळे ही यादी वकिलाबरोबर बसून करा.

राज्याकडे अर्ज करण्याआधी आपली नोंद नेमकी कशी दिसते ते स्वतः पाहणे शहाणपणाचे. एफबीआयकडून स्वतःच्या नोंदींचा गोषवारा १८ डॉलर फी भरून आणि ठसे देऊन मागवता येतो, आणि राज्याच्या कार्यालयाकडूनही वेगळा मिळतो. दोन्ही मागवा, कारण ते बहुधा जुळत नाहीत. एफबीआयच्या ओळीत निकाल नसेल तर आदेशाची प्रत जोडून दुरुस्ती मागता येते आणि त्यासाठी फी नाही. ते मूळ नोंद पाठवणाऱ्या संस्थेकडे खातरजमा करून रकाना भरतात. ग्रीन कार्डाच्या दृष्टीने तर मी म्हणेन की, ओळ पुसली जाण्यापेक्षा तिच्यापुढे ‘डिसमिस’ हा शब्द येणे जास्त महत्त्वाचे आहे.

एवढे करूनही तिसरे एक घर उरते, आणि तुमची ऑफर तिथेच अडकली आहे. तपासणी-कंपन्या न्यायालयांकडून आणि राज्यांकडून नोंदी घाऊक विकत घेतात आणि आपल्या साठ्यात ठेवतात. ज्या दिवशी त्यांनी ती प्रत घेतली त्या दिवशी तुमचा खटला चालू असेल, तर त्यांच्याकडे तो आजही चालू आहे. राज्याच्या सीलची खबर त्यांना आपोआप मिळत नाही. त्यात या कंपन्या नावावरून आणि जन्मतारखेवरून माणूस ओळखतात, आणि आपल्या नावांची तिकडे जी गत होते, म्हणजे कुठे वडिलांचे नाव मधले नाव होते, कुठे आडनाव, कुठे दोन्ही गायब, त्यामुळे दुसऱ्याची ओळ आपल्या नावावर चढण्याचा संभवही असतो. म्हणून आदेश हातात आला की मोठ्या तपासणी-कंपन्यांना स्वतः तो पाठवा आणि आपली फाइल मागवून खात्री करा.

ठाण्यातला फोटो दाखवणाऱ्या साइटबद्दल थोडक्यात: काढून टाकण्यासाठी पैसे देऊ नका. एकीला दिले की दुसरीवर दिसतो. कॅलिफोर्निया आणि जॉर्जियासह अनेक राज्यांनी असे पैसे मागण्यावर बंदी घातली आहे, आणि कॅलिफोर्नियाने २०१८ साली अशा एका मोठ्या साइटच्या चालकांवर फौजदारी कारवाईही केली. गूगलकडे पैसे मागणाऱ्या अशा साइटची पाने शोधातून हटवण्याची विनंती करता येते, ती करा. वर्तमानपत्रातली बातमी मात्र कायद्याच्या जोरावर हटत नाही. कनेक्टिकटमधल्या एका परिचारिकेने, तिच्यावरचे आरोप सोडून दिल्यावर आणि नोंद राज्याच्या कायद्याने पुसल्यावर, जुन्या बातम्यांवरून वृत्तसंस्थांवर दावा लावला होता. २०१५ साली अपील न्यायालयाने सांगितले की, पुसण्याचा कायदा सरकारी नोंदींना लागू आहे, अटक झाली होती ही घटना त्याने खोटी ठरत नाही. तरी विनंती करून पाहण्यात काही जात नाही: ‘बॉस्टन ग्लोब’ने २०२१ साली जुन्या बातम्यांचा फेरविचार करण्यासाठी वेगळी सोय सुरू केली, आणि त्याच वर्षी असोसिएटेड प्रेसने किरकोळ गुन्ह्यांच्या बातम्यांत संशयिताचे नाव देणे थांबवले. संपादकाला लिहिताना धमकी देऊ नका, आदेशाची प्रत जोडा.

प्रवासाचेही सांगून ठेवते, कारण व्हिसाचा शिक्का घ्यायला तुम्ही कधी ना कधी भारतात जालच. व्हिसासाठी भरायच्या डीएस-१६० या अर्जातही अटकेचा प्रश्न आहे आणि तिथेही उत्तर ‘हो’ आहे. प्रमाणित प्रती बरोबर न्या आणि नावाची तपासणी लांबेल हे धरून परतीची तारीख ठरवा. अमेरिकेचे परराष्ट्र खाते केवळ अटकेवरूनही व्हिसा रद्द करू शकते. २०२५ च्या वसंतात तर हजारो परदेशी विद्यार्थ्यांची नावे एफबीआयच्या साठ्याशी ताडून त्यांच्या सेव्हिस नोंदी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी दप्तरातल्या नोंदी, अचानक बंद केल्या गेल्या. त्यांत डिसमिस झालेल्या किरकोळ प्रकरणांची मुलेही होती. न्यायालयात दावे पडल्यावर एप्रिलअखेर सरकारने नोंदी परत चालू केल्या. हे घाबरवायला सांगत नाही. रिकामा रकाना भरून घेण्याचे काम ‘कधीतरी’वर टाकू नये, इतकेच त्यावरून सुचवायचे आहे.

वकील दोन लागतील: नोंद पुसणारा स्थानिक फौजदारी वकील आणि इमिग्रेशनचा वकील. पहिल्याने अर्ज दाखल करण्याआधी दुसऱ्याशी बोलले पाहिजे, आणि ते बोलणे तुम्हीच घडवून आणा, कारण दोघेही आपापल्या कामात बरोबर असून एकमेकांचे काम बिघडवू शकतात. फी जड वाटत असेल तर अनेक शहरांत कायदेविषयक मदत संस्था आणि विधी महाविद्यालये नोंद पुसण्यासाठी मोफत शिबिरे घेतात, तिथे चौकशी करा. पण एचआरचे उत्तर आणि तपासणी-कंपनीकडची तक्रार त्यासाठी थांबवू नका. आदेशाची साधी प्रत न्यायालयाच्या संकेतस्थळावरून निघत असेल तर आज तीच जोडून पाठवा आणि प्रमाणित प्रत मिळाली की मागाहून पाठवतो असे कळवा.